दमा : धाप थांबली, तरी आजार थांबत नाही



वर्गात एखाद्याला धाप लागते, तो निळा पंप काढून दोन फवारे ओढतो आणि थोड्या वेळाने पुन्हा खेळायला जातो. पाहणाऱ्याला वाटते, दमा गेला. प्रत्यक्षात गेलेली असते ती फक्त धाप. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे ४ लाख ५५ हजार माणसे दम्याने दगावली. म्हणून हा आजार नीट समजून घेऊ.

छातीत काय घडते?

फुप्फुसांत हवा नेणाऱ्या श्वासनलिकांना दम्यात आतून सूज असते. त्रास होत नसतानाही ती राहू शकते. धूळ, धूर, सर्दी असे निमित्त झाले की नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो आणि वाट अरुंद होते. मग श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. निळ्या पंपातील साल्ब्युटामॉल स्नायू सैल करते, पण सूज उतरवत नाही. ते काम नियमित घ्यायच्या स्टेरॉइडच्या पंपाचे. म्हणूनच २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात की, बारा वर्षे व त्यापुढील रुग्णांनी केवळ निळ्या पंपावर राहू नये.

पंपाची भीती

"पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी," असे घरोघरी ऐकू येते. गणित करून पाहा. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. २ मिलिग्रॅमच्या गोळीत २००० मायक्रोग्रॅम, म्हणजे २० फवाऱ्यांइतके! शिवाय गोळीचे औषध रक्तातून सर्वांगात फिरते. हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचे औषध थोडे असून नेमक्या जागी पोचते. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर मात्र चूळ भरावी.

तीव्र दमा आणि त्यामागील कारणे

मोठ्या मात्रेतील स्टेरॉइडचा पंप आणि त्याला जोड औषध नियमित, योग्य रीतीने घेऊनही जो आटोक्यात येत नाही, तो तीव्र दमा. तसे म्हणण्याआधी डॉक्टर तीन गोष्टी पाहतात : पंप बरोबर ओढला जातो का, वेळच्या वेळी घेतला जातो का, आणि त्रास देणारे काही घरातच आहे का. गादी-उशीच्या धुळीतील सूक्ष्म किडे, झुरळे, ओल्या भिंतीवरची बुरशी, गाजरगवताचे पराग, डासांची कॉइल, उदबत्ती, विडी-सिगारेट ही नेहमीची कारणे. काहींना ॲस्परजिलस बुरशीची ॲलर्जी, नाकातील मांसवाढ, लठ्ठपणा किंवा कामाच्या जागची धूळ भोवते. रक्त तपासून सुजेचा प्रकार ओळखता येतो आणि निवडक रुग्णांना त्यानुसार इंजेक्शने देता येतात. त्यांपैकी ओमॅलिझुमॅबला अमेरिकेत २००३ साली मान्यता मिळाली. ती महाग असतात.

आपल्या हैदराबादेत मृगाच्या सुमारास बथिनी कुटुंब देत असलेले मासळीचे औषध घेण्यासाठी दूरदूरहून लोक येतात. त्याने दमा बरा होतो असे शास्त्रीय चाचण्यांनी सिद्ध झालेले नाही. श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी, पण तिच्या भरवशावर मुलाचा पंप बंद करू नये.

वर्गात कुणाला धाप लागली तर

१. त्याला ताठ बसवा, आडवे करू नका. गर्दी हटवा.
२. त्याचाच निळा पंप स्पेसर लावून द्या. एकेक करून चार फवारे, प्रत्येक फवाऱ्यानंतर चार श्वास.
३. चार मिनिटे थांबा. आराम नसेल तर १०८ ला फोन करा आणि मदत येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवा.
४. वाक्य पुरे बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील किंवा फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर वाट न पाहता आधी १०८ ला कळवा. दमछाक चालू असताना शिट्टी बंद झाली, तर ते सुधारणेचे नव्हे, धोक्याचे लक्षण समजा.

पालकांनी मुलाच्या दप्तरात पंप आणि स्पेसर ठेवावा, आणि वर्गशिक्षकांना त्याची लेखी माहिती द्यावी.

स्वाध्याय

१. निळा पंप आणि नियमित घ्यायचा पंप यांच्या कामांतील फरक लिहा.
२. आपल्या घरात दम्याला निमित्त ठरू शकतील अशा गोष्टींची यादी करा व ती आईवडिलांना वाचून दाखवा.