शेजाऱ्याच्या घरांतील गाळ

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टींत उल्हास नदीला पूर येऊन कल्याणच्या परिसरांत कित्येक घरांत गाळ शिरला. काळू व उल्हास ह्या नद्यांजवळील आंबिवलीस ही भीति नवी नाहीं. पूर ओसरल्यावर शेजाऱ्याच्या मदतीस निघणाऱ्या बंधुभगिनींस आम्ही सुचवितों कीं, प्रथम एकट्या म्हाताऱ्यांच्या दारीं जावें. गाळ वाळून घट्ट होण्याआधींच उपसावा. फावडें, घमेलें, खराटा व भाकरीहि आपलीच न्यावी; गाडगेबाबा गांवांत शिरतांच आधीं झाडूं लागत, भाकरी मागाहून. पायास जखम असतां चिखलांत उतरूं नये. उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस जडतो, आणि त्या २००५ सालीं मुंबईंत त्यानें बळी घेतले. भिजलेले कागद मात्र घरधन्यास विचारल्यावांचून फेंकूं नयेत. आपणांस जो केर दिसतो, त्यांत त्याचा सातबारा असेल.