यकृतातली जनुके चालू-बंद कोण करते?

प्रश्न : सगळ्या पेशींत डीएनए तोच, मग अल्ब्युमिन यकृतच का बनवते? लॅक ओपेरॉनसारखा रिप्रेसर आपल्या यकृतातही असतो का?
– बारावीची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : अल्ब्युमिनचे जनुक मेंदूच्या पेशीतही आहे, पण तिथे ते वाचलेच जात नाही. यकृतात एचएनएफ-१, सी/ईबीपी अशी अ‍ॅक्टिव्हेटर प्रथिने त्या जनुकाजवळच्या डीएनएला चिकटतात आणि आरएनए पॉलिमरेजला तिथे आणतात. यातली काही इतर अवयवांतही सापडतात; पूर्ण संच मात्र यकृतातच जमतो.

यकृतातही काही जनुके गरजेनुसार चालू-बंद होतात. कडक उपवासात ग्लुकागॉन वाढते, त्यामुळे क्रेब हे प्रथिन जागे होते आणि ग्लुकोज बनवणारी जनुके चालू करते. (साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर इन्सुलिनच वाढणार, हा भाग निराळा!) इन्सुलिन आले की याच जनुकांच्या फॉक्सो-१ या दुसऱ्या अ‍ॅक्टिव्हेटरला फॉस्फेट जोडले जाते आणि त्याची केंद्रकातून हकालपट्टी होते.

आता रिप्रेसर. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. ती जास्त झाली की एफएक्सआर हे प्रथिन त्यांना ओळखते आणि एसएचपी नावाच्या रिप्रेसरचे जनुक चालू करते. गंमत म्हणजे एसएचपी स्वतः डीएनएला शिवतही नाही. ते एलआरएच-१ या अ‍ॅक्टिव्हेटरलाच धरून निकामी करते, आणि पित्ताम्ले बनवणाऱ्या मुख्य विकराचे जनुक मंदावते. लॅक ओपेरॉनचा रिप्रेसर मात्र थेट डीएनएवर बसून पॉलिमरेजची वाट अडवतो. ती जिवाणूंची पद्धत. परीक्षेत तीच लिहा.