आमसूल : घरचे सौम्य औषध

अलिबाग, पेण, रेवदंडा या बाजूच्या आपल्या घरांत आमसुलाची बरणी असायचीच. आंबटाशी आपले नाते जुने. पेसाहला आपले पूर्वज 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत, कारण त्या दिवसांत आंबट कालवणाचे मडके झाकून ठेवीत.

आमसूल म्हणजे रातांब्याची सुकवलेली साल. एप्रिल-मे महिन्यांत पिकलेले रातांबे फोडून बिया वेगळ्या करतात आणि साली मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवितात. बियांपासून निघणारे कोकमतेल भेगाळलेल्या टाचांना लावतात.

उपयोग असे :

१. सिंगापुरात बारा महिने उकाडा. बाहेरून थकून आल्यावर चार-पाच आमसुले पेलाभर पाण्यात अर्धा तास भिजवावीत, कुस्करून गाळावीत, चिमूटभर जिरेपूड घालून प्यावे. तोंडाला चव येते आणि पाणीही पोटात जाते.

२. अंगावर पित्त उठले, तर आमसुलाचे गार पाणी हलक्या हाताने लावण्याची आपली जुनी रीत आहे. खाजवून सोललेल्या जागी लावू नये, मीठ झोंबते.

३. मटणाच्या जेवणानंतर सोलकढी घ्यावी. ती नारळाच्या दुधाची, म्हणून आपल्या नियमांत बसते. शब्बाथसाठी शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच करून ठेवावी.

आता महत्त्वाचे. एकदा आमच्या घरी मुलाच्या अंगावर पित्त उठले. आम्ही आमसुलाचे पाणी लावीत बसलो आणि तेवढ्यात त्याचे ओठ सुजू लागले. धावत डॉक्टरांकडे गेलो, म्हणून निभावले. त्या दिवशी चूक आमचीच होती. ओठ, जीभ वा घसा सुजला, श्वास लागला, तर घरगुती उपाय करीत थांबू नये. येथे ताबडतोब ९९५ ला फोन करावा. जीव वाचविण्यासाठी शब्बाथही मोडावा, ही आपल्या धर्माचीच आज्ञा आहे.

रक्तदाब असणाऱ्यांनी आमसुलातील मिठाचा आणि मधुमेह असणाऱ्यांनी कोकम सरबतातील साखरेचा विचार करावा. चालू असलेले औषध बंद करू नये.

येथील बाजारात 'आसाम केपिंग' या नावाने सुकवलेल्या आंबट चकत्या मिळतात. हे फळ रातांब्याच्याच कुळातले. मासळीच्या कालवणात छान लागते. पण ते आमसूल नव्हे, त्याला लाल रंगही येत नाही. तेव्हा वरील उपायांसाठी आमसूलच वापरावे. गावाहून कोणी येणार असेल, तर मिठाईऐवजी पावशेर आमसुले मागवावीत!