परमुलखातील गायन

वाचावयाचा भाग: स्तोत्रसंहिता १३७.

ह्या स्तोत्रातील बंदिवानांनी आपली वाद्ये दूर ठेविली. परमुलखात प्रभूचे गायन करणे त्यांस अशक्य वाटले. प्रशांत महासागरातील एका लहानशा मंडळीने ह्याच दुःखात निराळा मार्ग धरिला. तो वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

बनाबा हे सुमारे ६ चौरस किलोमीटरांचे बेट आज किरिबाटी देशात मोडते. तेथे नदी नाही, ओढा नाही. अवर्षणात आधार काय तो भुयारांत साठलेल्या पाण्याचा, आणि ते आणण्याचा अधिकार स्त्रियांचा. १८८५ साली अमेरिकन बोर्डाने तेथे शुभवर्तमान नेले. आपल्या अमेरिकन मराठी मिशनाची मातृसंस्था तीच. तेव्हा ही मंडळी आपली बहीणच म्हणावयाची.

१९०० साली त्या भूमीत फॉस्फेट सापडले. १९७९ पर्यंत खणती चालली, आणि तो माल खत होऊन मुख्यतः ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील शेतांत गेला. बेटावर बहुतेक ठिकाणी दगडांचे सुळके तेवढे उरले. माती, फळझाडे व पाण्याची भुयारे नाश पावली. मध्यंतरी युद्धात जपानी अंमलाखाली लोक देशोधडीस लागले होते. १५ डिसेंबर १९४५ रोजी त्यांस स्वदेशी न नेता सुमारे २,००० किलोमीटर दूर, फिजीतील राबी बेटावर उतरविण्यात आले. राहावयास तंबू, आणि दिवस वादळाचे! दुसऱ्याचे शेत पिकावे म्हणून कोणाची जन्मभूमीच जहाजांत भरून जावी, ह्यास नुसता व्यापार म्हणणे आमच्या मनास पटत नाही.

राबीवरील चार गावांस त्यांनी जुन्याच गावांची नावे दिली. १५ डिसेंबर हा त्यांचा स्मरणदिन. त्या दिवशी उपासना होते, समूहगायन होते, आणि नृत्यनाट्यांतून पूर्वजांचे जीवन, मिशनऱ्यांचे आगमन, कंपनी व खाण हे सर्व पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहते. ज्या लेकरांनी बनाबा कधी पाहिले नाही, त्यांच्या हातापायांस ते ठाऊक होते. घरोघरी एकट्याने गिळलेले दुःख कडू होते. सर्वांनी मिळून देवासमोर मांडिले म्हणजे त्याची साक्ष होते.

आमचे काही वडील विचारतील, नाचाचे उपासनेशी काय काम? आरंभीच्या मिशनऱ्यांसही त्या बेटांवरील नृत्य रुचत नव्हते. पण सुवार्ता कशी आली हे आज तेच नृत्य सांगते. अहमदनगरास (आता अहिल्यानगर) कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. तो साज देवळातलाच होता, आणि त्याने कोणाचा विश्वास खचल्याचे आम्ही ऐकिले नाही.

गायनाने माती परत येत नाही, हे त्या लोकांस आपणांपेक्षा अधिक कळते. म्हणूनच त्यांनी लंडनच्या न्यायालयातही दाद मागितली. १९७६ च्या निकालाने त्यांच्या पदरी फारसे पडले नाही. तरी गाणे थांबले नाही.

रविवारच्या वर्गात विचारावे: आपल्या मंडळीत धरणाने किंवा दुष्काळाने गाव सुटलेली कुटुंबे कोणती? त्यांच्या गावाचे कीर्तन कोणी रचिले आहे काय?