विचारलं तर डोक्यात येईल का?

प्रश्न : आळेफाट्याला माझं कृषी सेवा केंद्र आहे. खात्यावर माल नेणारा एक जुना शेतकरी हल्ली वेगळंच बोलतो. परवा म्हणाला, "शेठ, माझं काय असेल ते मिटवून टाका, मागं कुणाला त्रास नको." मला शंका आली, पण विचारलं नाही. नसलेला विचार आपणच त्याच्या डोक्यात घातला तर? आणि उद्या काही झालं तर पोलीस आपल्यालाच धरतील, असं घरचे म्हणतात.

उत्तर : विचारा, आणि आजच विचारा. विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात रुजत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ज्याच्या मनात तसं नाही, तो "छे हो" म्हणेल. ज्याच्या मनात आहे, त्याला ते कुणापुढे तरी बोलता येईल.

गिऱ्हाइकांसमोर नको. चहाला बाजूला घेऊन जा आणि सरळ विचारा, "दादा, तुमच्या बोलण्याने काळजी वाटते. जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतंय का?" "तसलं काही करणार नाही ना?" असं विचारू नका, त्यावर माणूस "नाही" म्हणून सुटतो. "हो" म्हणाला तर "पोराबाळांकडे बघा" हे तरी ऐकवू नका. आपण घरावर ओझं झालोय, हेच त्याला आतून खात असतं. त्याला बोलू द्या, गप्प झाला तरी बसून राहा.

तुमची शंका बिनबुडाची नाही. अचानक देणी मिटवणं, जीव लावलेली जनावरं देऊन टाकणं, झोप उडणं, दारू वाढणं ही धोक्याची चिन्हं आहेत. पूर्वी कधी प्रयत्न झाला असेल तर धोका आणखी मोठा. "बोलणारा करत नाही" ही समजूत खोटी आहे, आणि तिच्यापायी माणसं गेली आहेत.

सप्टेंबर 2022 मध्ये आपल्याच भागातल्या एका कांदा उत्पादकाच्या मृत्यूची बातमी राज्यभर गेली. चर्चा कांद्याच्या भावाशी थांबली. भाव पडल्याचं दुःख खरंच आहे, पण भाव सगळ्यांचेच पडतात. त्याच वर्षी महाराष्ट्रात 22,746 आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांतल्या 4,248 शेतीवर जगणाऱ्यांच्या. उरलेल्या घरांत कर्जाचा कागद शोधून काय मिळणार? आजारपण, घरातले कलह, व्यसन, मनात साचलेलं नैराश्य अशी अनेक कारणं एकत्र येतात, म्हणूनच मदतीलाही अनेक ठिकाणी वाव असतो.

त्यातली एक जागा तुमचा काउंटर आहे. टोकाची इच्छा बहुतेकदा काही तासांत ओसरते, तेवढा वेळ घातक वस्तू हाताशी नसली तर जीव वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण 1995 नंतरच्या वीस वर्षांत निम्म्याहून खाली आलं. म्हणून त्याला सध्या फवारणीचं औषध देऊ नका. "माल संपलाय, मी पोचवतो" म्हणा. घरात असलेलं कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यायला घरच्यांना सांगा.

गावातल्या साध्या माणसांना हे जमतं का? अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाच्या उपक्रमात गावातलेच कार्यकर्ते शिकवून तयार केले होते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात येऊन गेलेल्यांचं प्रमाण 5.2 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आलं.

तुम्ही डॉक्टर व्हायची गरज नाही. त्याला विचारून घरच्या विश्वासाच्या माणसाला बोलवा, आणि दोघे मिळून 14416 लावा. ही सरकारची 'टेली मानस' सेवा आहे: फुकट, चोवीस तास, मराठीतही. आत्ताच करायचं त्याने ठरवलं असेल, तर एकटं सोडू नका. 112 किंवा 108 ला फोन करून दवाखान्यात न्या. तिथून परतल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात, तेव्हा अधूनमधून फोन करत राहा.

पोलिसांचं म्हणाल तर, काळजीने विचारणं किंवा दवाखान्यात नेणं हा गुन्हा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 115 सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, आणि त्याला उपचार देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. जुलै 2024 पासूनच्या भारतीय न्याय संहितेत प्रयत्नाला सरसकट शिक्षा देणारं जुनं 309 कलमही राहिलेलं नाही. घरच्यांना हे वाचून दाखवा आणि त्याला फोन लावा.