सहशिक्षकांची विचारपूस : मुख्याध्यापकाचे एक शिकता येण्याजोगे काम



ग्रामीण शाळेतील मुख्याध्यापकाच्या कर्तव्यांचा विचार करताना आपण बहुधा पट, उपस्थिती, पोषण आहार, इमारत आणि पत्रके यांचाच विचार करतो. ज्या सहकाऱ्यांच्या हातून शाळा चालते, त्यांच्या मनःस्वास्थ्याकडे लक्ष देणे हेही त्याच कर्तव्याचे अंग आहे, याचा मात्र आपणांस विसर पडतो. प्रस्तुत पाठाचा उद्देश या अंगाचा परिचय करून देणे आणि ते सरावाने कसे साधता येईल हे सांगणे, एवढाच आहे.

शाळेतील वरिष्ठ कोण?

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमातील परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि पट १५० हून अधिक असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक, असे प्रमाण आहे. आपल्या वाडीवस्तीवरील पुष्कळ शाळांचा पट याहून पुष्कळ कमी असतो. तेथे सेवाज्येष्ठ शिक्षकाकडेच मुख्याध्यापकपदाचा कार्यभार येतो. काल जो सहकारी होता, तोच आज वरिष्ठ होतो. अध्यापक विद्यालयात आपण मुलांना शिकवावयास शिकलो. परंतु प्रौढ सहकाऱ्यांकडून काम करवून घेण्याचे आणि त्यांना आधार देण्याचे शिक्षण आपणांपैकी फार थोड्यांना मिळाले आहे. यात दोष कोणा एकाचा नव्हे. तथापि त्याचे परिणाम शाळेला भोगावे लागतात.

एक स्वानुभव

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका चार शिक्षकी शाळेचा कार्यभार मजकडे होता. तिसरीचे वर्गशिक्षक अत्यंत नियमित गृहस्थ. एका वर्षी दिवाळीनंतर ते वरचेवर उशिरा येऊ लागले. वह्या तपासावयाच्या राहू लागल्या. मी हजेरीपत्रकावर लाल शाईने खुणा केल्या आणि एके दिवशी परिपाठाच्या वेळी, मुलांच्या देखत, त्यांना वेळेविषयी बोललो. ते खाली मान घालून वर्गात गेले. पुढे ते दीर्घ रजेवर गेले आणि नंतर विनंती करून दुसरीकडे बदलून गेले. त्यांच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता आणि त्यांचे सारे आवरून गुरुजी रोज शाळेला निघत, हे मला ते गेल्यावर गावकऱ्यांकडून कळले. कार्यालयात आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या, परंतु मी एकदाही "घरी सर्व ठीक आहे ना?" असे विचारले नव्हते. त्या वर्षी तिसरीच्या मुलांना उरलेले सत्र कायम वर्गशिक्षकाविना काढावे लागले. माझी शिस्त नियमाला धरून होती; पण तिने ना शिक्षक टिकला, ना मुलांचे वाचन पुढे गेले.

हे शिकविता येते काय?

माणसे ओळखण्याची हातोटी उपजतच असावी लागते, असे काहींचे मत आहे. अनुभव निराळा सांगतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या अग्निशमन दलात यासंबंधी एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे अधिकाऱ्यांचे दोन गट पाडले. एका गटास केवळ चार तासांचे प्रशिक्षण दिले : मनाच्या आजारांची साधारण माहिती, अधिकाऱ्याची जबाबदारी, आणि त्रस्त सहकाऱ्याशी बोलावे कसे याचा सराव. सहा महिन्यांनी पाहता, प्रशिक्षित अधिकाऱ्यांच्या हाताखालील जवानांच्या कामामुळे उद्भवणाऱ्या आजारपणाच्या रजा घटल्या होत्या. दुसऱ्या गटात त्या वाढल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वरिष्ठांना असे प्रशिक्षण द्यावे अशी शिफारस केली आहे. अग्निशमन दल आणि शाळा यांत अंतर आहे खरे. परंतु रोज भेटणारा वरिष्ठ कसा वागतो यावर माणसाचा कामातील जीव अवलंबून असतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

मुख्याध्यापकाने काय करावे?

(१) बदल हेरावा. नियमित शिक्षक उशिरा येऊ लागणे, बोलका शिक्षक अबोल होणे, मुलांवर विनाकारण चिडणे, फळा व वह्या यांकडे दुर्लक्ष होणे, ही चिन्हे आहेत. त्यांचा अर्थ आपणच ठरवू नये; विचारावे.

(२) लवकर व एकांतात बोलावे. मुले घरी गेल्यावर, दोघेच असताना, जे दिसले तेवढेच सांगावे. उदाहरणार्थ, "बाई, गेल्या पंधरवड्यात आपण थकलेल्या दिसता. माझ्याकडून काही मदत होण्यासारखी आहे का?" एवढे विचारून थांबावे. उत्तर लगेच येईलच असे नाही. उपदेशाची घाई करू नये. सहकारी रजेवर असल्यास आठवड्यातून एकदा ख्यालीखुशाली विचारावी. त्या वेळी पत्रकांची मागणी करू नये.

(३) कामाची वाटणी उघड असावी. वरील अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक कामास लावता येत नाही. तरी शाळेतील नोंदींचे व माहिती भरण्याचे काम उरतेच. कोणाकडे कोणते काम आहे हे कागदावर लिहून कार्यालयात लावावे आणि दर सत्रास फिरवावे. नवा शिक्षक म्हणून सारे संगणकाचे काम त्याच्याच माथी मारणे न्यायाचे नव्हे. तसेच रात्री व्हॉट्सॲपवर सूचना टाकून सकाळी जाब विचारण्याची सवय सोडावी.

(४) दोष खाजगीत, गुण चारचौघांत सांगावेत. "छान काम" एवढ्याने भागत नाही. "आपल्या वर्गातील अमुक मुलगा आता जोडाक्षरे वाचू लागला" असे नेमके सांगावे.

(५) आपली मर्यादा ओळखावी. मुख्याध्यापक वैद्य नव्हे. झोप उडणे, निराशेचे बोलणे दीर्घकाळ चालल्यास डॉक्टरांकडे जाण्यास सुचवावे. केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाल्यास सहकाऱ्यास एकटे सोडू नये. घरच्यांस व डॉक्टरांस तात्काळ कळवावे. अशी निकड नसेल तेव्हा विश्वासाने सांगितलेली गोष्ट शेरेबुकात लिहू नये, गावात बोलू नये.

ही ढिलाई नव्हे

विचारपूस करणे म्हणजे कामात सूट देणे, असा समज होऊ नये. मुलांचे तास बुडता कामा नयेत. माझ्या त्या सहकाऱ्यास मी वेळीच विचारले असते, तर पहिल्या तासाला माझा वर्ग त्यांच्या वर्गाशी जोडून बसविता आला असता. अडचण कळली म्हणजे उपाय काढता येतो. ती न कळता केलेली कडक शिस्त केवळ लाल शाई वाया घालविते.

शिक्षण परिषदेत करावयाचा सराव

केंद्रप्रमुखांनी वीस मिनिटे राखून ठेवावीत. दोघादोघांच्या जोड्या कराव्यात; एकाने मुख्याध्यापक, दुसऱ्याने उशिरा येणारा शिक्षक व्हावे. दहा मिनिटांनी भूमिका बदलाव्यात. खऱ्या व्यक्तींची नावे घेऊ नयेत. नंतर पुढील प्रश्नांवर चर्चा करावी :

१. कोणत्या वाक्याने आपणांस बोलावेसे वाटले, आणि कोणत्या वाक्याने तोंड मिटले?

२. आपल्या शाळेतील कामाची वाटणी कागदावर लिहिली, तर ती सर्वांस न्याय्य वाटेल काय?

३. गेल्या महिन्यात आपण कोणत्या सहकाऱ्याची विचारपूस करावयास हवी होती?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सभेत सांगण्याची आवश्यकता नाही. शाळेत परतल्यावर त्या सहकाऱ्याजवळ जाऊन बसावे.