सोंग आणि सोबत : संगणकावरील भूमिका-खेळाचा परिचय

दक्षिण कोकणातील गावांत जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक उभे राहते, तेव्हा नटांच्या हाती लिहिलेली संहिता नसते. कोणते आख्यान लावावयाचे आणि कोणी कोणते सोंग घ्यावयाचे, एवढेच प्रयोगापूर्वी ठरते. राजा, राक्षस, नारद, स्त्रीपात्र, विनोदी पात्र यांची लक्षणे परंपरेने निश्चित केलेली असतात. संवाद मात्र नट रंगभूमीवर आयत्या वेळी रचतो. समोरचा नट काय बोलेल हे त्याला ठाऊक नसते. तरीही नाटक रात्रभर रंगते, कारण आपल्या सोंगाला काय साधते आणि काय साधत नाही, याची प्रत्येकाला पक्की जाण असते. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिका-खेळाचे मर्म ज्याला समजून घ्यावयाचे आहे, त्याने प्रथम हा प्रयोग डोळ्यांसमोर आणावा.

अशा खेळात हजारो माणसे इंटरनेटच्या द्वारे एकाच कल्पित जगात एकाच वेळी वावरतात. त्या जगात पर्वत, अरण्ये, नगरे, बाजार, राक्षस आणि जादू असते. प्रत्येक खेळाडू एक पात्र निर्माण करतो, त्याला नाव देतो आणि त्याच्या रूपाने त्या जगात हिंडतो. बुद्धिबळाचा डाव मोडला की पट गुंडाळून ठेवता येतो. हे जग मात्र खेळाडू झोपी गेल्यावरही चालू राहते. त्याच्या अनुपस्थितीत इतरांचे व्यापार, लढाया आणि गप्पा सुरूच असतात. हे सातत्य हाच या खेळप्रकाराचा पहिला विशेष होय.

पूर्वपीठिका

निरनिराळ्या सामर्थ्याची पात्रे एकत्र लढतात, ही कल्पना भारतीय वाचकाला अपरिचित नाही. प्राचीन चतुरंगात पदाती, अश्व, रथ आणि गज ही सेनेची चार अंगे पटावर मांडली जात आणि प्रत्येकाची चाल वेगळी असे. घोडा जे करतो ते हत्ती करू शकत नाही. प्यादे दुर्बळ खरे, परंतु प्याद्यांवाचून डाव उभा राहत नाही. हाच खेळ पश्चिमेकडे जाऊन युरोपीय बुद्धिबळ झाला. पुढे बुद्धिबळाच्या पटाचा विस्तार करून जर्मन प्रदेशात युद्धक्रीडा रचल्या गेल्या, आणि 1824 मध्ये राइस्विट्झ याची युद्धक्रीडा प्रशियाच्या सैन्यातील अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारली गेली.

या परंपरेला निर्णायक वळण अमेरिकेत 1974 मध्ये मिळाले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात खेळाडू सैन्याचा सेनापती नसून एकाच व्यक्तीची भूमिका घेत असे. मेजाभोवती बसलेल्या मंडळींपैकी एक जण सूत्रधार होई आणि प्रसंग सांगे. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करणार ते बोलून दाखवीत आणि फाशांवरून यशापयश ठरे. आरंभी पात्रांचे तीनच वर्ग होते : लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक. चोर हा चौथा वर्ग 1975 मध्ये जोडला गेला. आज प्रचलित असलेल्या असंख्य वर्गांचे मूळ या चौघांत सापडते.

त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, 1978 मध्ये, इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने संगणकावर असे एक जग रचण्यास आरंभ केला आणि रिचर्ड बार्टल याने ते पुढे वाढविले. ‘मड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या जगात चित्र नव्हते. केवळ शब्द होते. पडद्यावर स्थळाचे वर्णन उमटे आणि खेळाडू आज्ञा टंकलिखित करी. चित्ररूप जगे लोकप्रिय झाली ती ‘अल्टिमा ऑनलाइन’ (1997) आणि ‘एव्हरक्वेस्ट’ (1999) यांच्या काळात. नोव्हेंबर 2004 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ अवतरला आणि 2010 मध्ये त्याच्या वर्गणीदारांची संख्या 1 कोटी 20 लाखांच्या पलीकडे गेली.

वर्ग म्हणजे काय?

नवागतापुढे येणारा पहिला प्रश्न वर्गाचा असतो. वर्ग म्हणजे पात्राचा व्यवसाय असे ढोबळमानाने म्हणता येईल. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये आरंभी नऊ वर्ग होते. योद्धा चिलखत घालून शत्रूसमोर उभा ठाकतो. पॅलाडिन हा धर्मनिष्ठ वीर शस्त्र आणि प्रार्थना दोन्ही वापरतो. शिकारी पाळीव श्वापदाला हाताशी धरून दुरून बाण सोडतो. रोग हा लपतछपत जाऊन पाठीमागून वार करतो. प्रीस्ट जखमा भरून काढतो. शामन हा पंचमहाभूतांसारख्या शक्तींना आवाहन करतो. मेज अग्नी आणि हिम यांची जादू करतो. वॉरलॉक पिशाचांना वश करतो. आणि ड्रुइड अस्वलासारख्या प्राण्यांची रूपे धारण करतो. पुढील विस्तारांत आणखी वर्गांची भर पडून 2022 पर्यंत त्यांची संख्या तेरा झाली.

ही यादी पाहून नवागत गोंधळून जातो. परंतु वर्ग कितीही असले तरी युद्धातील कार्ये मुख्यतः तीनच असतात. पहिले, शत्रूचे प्रहार स्वतःवर घेणे. हे करणाऱ्यास खेळाडू टँक म्हणतात. दुसरे, सहकाऱ्यांच्या जखमा भरणे, हा हीलर. तिसरे, शत्रूला घायाळ करणे. पाच जणांच्या नेहमीच्या तुकडीत एक टँक, एक हीलर आणि तीन प्रहारकर्ते असतात.

येथे एक शंका उद्भवते. शत्रू त्या चिलखतधारी टँकलाच का मारील? दुर्बळ हीलरवर तो प्रथम का तुटून पडणार नाही? याचे उत्तर खेळाच्या अंतर्गत हिशेबात आहे. प्रत्येक खेळाडूने शत्रूला किती डिवचले याची नोंद संगणक ठेवतो आणि ज्याचा आकडा सर्वांत मोठा, त्याच्यावर शत्रू चालून जातो. टँकच्या कृतींनी हा आकडा झपाट्याने वाढतो. परंतु प्रहारकर्त्याने उतावीळपणे फार जोराचे वार केले, अथवा हीलरने टँक सज्ज होण्यापूर्वीच उपचार आरंभिले, तर शत्रू त्यांच्याकडे वळतो. यास्तव या खेळात संयम हे एक शस्त्र ठरते.

तिन्ही कार्यांचे परस्परावलंबन एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, टँकची जीवनशक्ती 1000 आहे आणि राक्षसाच्या प्रहारांनी ती सेकंदाला सरासरी 75 ने घटते. हीलर नसेल तर टँक सुमारे 13 सेकंदांत कोसळेल. हीलर सेकंदाला 65 इतकी शक्ती परत देत असेल तर प्रत्यक्ष घट सेकंदाला 10 होते आणि टँक 100 सेकंद तग धरतो. आता राक्षसाची जीवनशक्ती 9600 असून तिघे प्रहारकर्ते प्रत्येकी सेकंदाला 40 ने ती कमी करीत असतील, तर राक्षस 80 सेकंदांत मरेल आणि तुकडी जिंकेल. परंतु तिघांपैकी एक जण आरंभीच उठून चहा प्यावयास गेला, तर राक्षसाला मारण्यास 120 सेकंद लागतील. टँक मात्र शंभराव्या सेकंदाला पडलेला असेल आणि त्याच्यामागून बाकीचेही. हा पराभव टँकचा किंवा हीलरचा दिसतो. वस्तुतः तो अनुपस्थित राहिलेल्याचा असतो.

या गणितातून वर्गाचा खरा अर्थ उमगतो. वर्ग जितके सामर्थ्य देतो तितकीच उणीवही देतो. सर्व काही करू शकणाऱ्या पात्राला कोणाचीच गरज भासणार नाही आणि मग हजारो माणसांच्या जगात राहूनही तो एकटाच राहील. रचनाकारांनी प्रत्येक पात्राला अपुरे ठेवले आहे ते याच हेतूने.

निवड कशी करावी?

कोणता वर्ग सर्वांत बलवान, असा प्रश्न नवागत अनुभवी खेळाडूंना विचारतो. या प्रश्नाचा उपयोग अल्प आहे, कारण रचनाकार वर्गांचे बलाबल वेळोवेळी बदलत असतात. स्वतःचा स्वभाव कोणत्या कार्याशी जुळतो, हे पाहणे अधिक श्रेयस्कर. ज्याला पुढाकार घेणे आवडते आणि चूक झाल्यास दोष स्वीकारण्याची तयारी आहे, त्याने टँक व्हावे. ज्याला सर्वांवर एकाच वेळी नजर ठेवता येते आणि प्रशंसेवाचून काम करता येते, त्याने हीलर व्हावे. हीलरचे यश डोळ्यांत भरत नाही, कारण कोणीही न मरणे हेच त्याचे यश असते. शिकण्यास अवधी हवा असेल तर प्रहारकर्त्याचे कार्य सोयीचे, कारण तेथे दोघे सोबती चूक सावरून घेऊ शकतात. एकट्याने हिंडण्याची आवड असणाऱ्याला शिकारी हा वर्ग सुलभ जातो. पाळीव श्वापद त्याच्यासाठी टँकचे काम करते.

स्वभावाचा हा विचार संशोधनाचाही विषय झाला आहे. ‘मड’चा सहनिर्माता बार्टल याने 1996 मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले : पराक्रम साठविणारे, अज्ञात प्रदेश धुंडाळणारे, माणसांशी संवाद साधणारे आणि इतरांना नमविण्यात आनंद मानणारे. आपण यांपैकी कोण आहोत हे ओळखले, म्हणजे पुष्कळसा भ्रमनिरास टळतो.

स्थळाचाही विचार करावा लागतो. जबलपूरमधील महाराजपूरच्या घरात बसून एखादा तरुण खेळत असेल, तर त्याची प्रत्येक आज्ञा दूरच्या मुख्य संगणकाकडे जाते आणि उत्तर परत येते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर वेगाने धावतो. मुख्य संगणक तारेच्या मार्गाने 1000 किलोमीटरवर असेल तर जाण्यायेण्यास किमान 10 मिलिसेकंद लागतात. तोच 8000 किलोमीटरवर असेल तर किमान 80. वाटेतील यंत्रांमुळे प्रत्यक्ष विलंब याहून अधिक होतो. टँकला आणि हीलरला हा विलंब महागात पडतो. म्हणून शक्य तेथे जवळच्या संगणकावरील जग निवडावे.

खेळाची सीमा

कल्पित जगातील घटनांचे पडसाद खऱ्या जगातही उमटतात. 13 सप्टेंबर 2005 रोजी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये हक्कार नावाच्या सर्परूप देवतेच्या मंदिरात एक नवी जादुई व्याधी आणली गेली. ती मंदिरापुरतीच राहावी अशी योजना होती. परंतु पाळीव प्राण्यांच्या द्वारे ती बाहेर निसटली आणि गजबजलेल्या नगरांत पसरली. दुर्बळ पात्रे मरू लागली. काही खेळाडू इतरांवर उपचार करण्यास धावले, काही दूर पळाले, तर काहींनी मुद्दाम संसर्ग फैलावला. अखेर खेळाच्या चालकांनी संगणकीय उपायांनी ती आटोक्यात आणली. साथीत माणसे कशी वागतात याचा हा नमुना साथरोगतज्ज्ञांना अभ्यसनीय वाटला आणि 2007 मध्ये त्याविषयी वैद्यकीय नियतकालिकांत लेख प्रसिद्ध झाले.

खेळाचे धोकेही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जे जग कधी थांबत नाही, ते सोडून उठणे कठीण जाते. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून त्याला अग्रक्रम मिळणे आणि हानी होत असूनही तो चालू ठेवणे, या लक्षणांना जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात विकार म्हणून स्थान दिले असून ते वर्गीकरण 1 जानेवारी 2022 पासून अमलात आले. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ हा तर निराळाच प्रकार होय. भारतीय संसदेने 2025 च्या अधिनियमाने त्यांवर बंदी घातली आणि करमणुकीच्या खेळांपासून त्यांना स्पष्टपणे वेगळे केले. नवागताने आरंभीच वेळेची आणि खर्चाची मर्यादा ठरवावी आणि ती घरच्यांना सांगून ठेवावी, हे उत्तम.

तथापि या खेळाचे मूल्यमापन केवळ धोक्यांवरून करणे अन्यायाचे होईल. नॉर्वेतील मॅट्स स्टेन या तरुणाला स्नायू क्षीण करणारा असाध्य आजार होता. त्याच्या आयुष्यातील अखेरची अनेक वर्षे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये गेली. नोव्हेंबर 2014 मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो निवर्तला, तेव्हा त्याच्या आईवडिलांना वाटत होते की आपल्या मुलाला मैत्री, प्रेम, कोणाच्या उपयोगी पडण्याचे समाधान, यांपैकी काहीच लाभले नाही. वडिलांनी त्याच्या निधनाचे वृत्त इंटरनेटवर कळविले आणि युरोपातील निरनिराळ्या देशांतून पत्रे येऊ लागली. खेळात तो इबेलिन या नावाने वावरत असे. चाकाच्या खुर्चीवरून न उठू शकणारा हा तरुण तेथे धावत असे, लोकांची दुःखे ऐकून घेत असे आणि दुरावलेल्या माणसांना एकत्र आणीत असे. त्याच्या मंडळातील काही खेळाडू अंत्यसंस्कारासाठी प्रत्यक्ष आले. त्याच्या जीवनावरील माहितीपट 2024 मध्ये प्रदर्शित झाला.

दशावतारी नट पहाटे रंग पुसतो तेव्हा राजा नाहीसा होतो. परंतु रात्रभर ज्यांनी त्याच्या शब्दाला शब्द दिला ते सोबती उरतात. संगणकावरील भूमिका-खेळातही तलवार, जादू आणि राक्षस ही सारी सोंगे होत. पडद्यापलीकडे सोंग घेऊन बसलेला माणूस मात्र खरा असतो. पहिले पात्र निर्माण करताना नवागताने एवढे ध्यानात ठेवले, तर वर्गाची निवड थोडी चुकली तरी फारसे बिघडत नाही.